उलटा म

सम्मेद म्हणाला, काका, पन्नास वर्षं झाली कंपनीला,
कॅटलॉगच्या पहिल्या पानावर इतिहास टाकूया,
दोनशे शब्दांत बसवा.
मी बसलो. शब्द काही बसेनात.

आधी साचा सांगतो.
उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीनं बनवला, बिडाचा,
आत मगदुमांचा म कोरला, सरळ, देखणा,
आणि चहा अर्धा टाकून घरी पळाला.
मुलगी झाली होती त्याला त्या सकाळी.
साच्यात अक्षर उलटं कोरायचं असतं
हे कुणाच्या ध्यानात राहणार?
पहिला पाईप सुटला तो
आरशात बघावा तसा म घेऊन.
आदगोंडा आण्णा उकिडवे बसून बघत राहिले,
मग म्हणाले, असूंदे.
जमिनीखाली कोण वाचतंय?

उचगावच्या माळावर पत्र्याची एक शेड,
परमिटवर मिळतील तेवढ्या सिमेंटच्या गोण्या,
साच्याला लावायला लेथवाल्यांकडनं मागून आणलेलं
जळकं ऑईल,
आणि पाणी मारायला तानूबाई आवळे.
अठ्ठावीस दिवस गोणपाट ओलं राहिलं पाहिजे,
सण असो, सुतक असो.
हजेरीपत्रकात तिच्या नावापुढं मी लिहायचो
किरकोळ.

हळदीच्या पाणीपुरवठा संस्थेला पाचशे पाईप दिले.
भोगावतीचं पाणी माळावर चढवायचं होतं त्यांना, उसासाठी.
चेअरमननी नारळ फोडला, बटण दाबलं,
आणि एक्केचाळीस नंबरचा पाईप
मांडवाच्या पुढ्यातच फुटला.
पेढ्यांचा चिखल.
पाहुण्यांची धोतरं गुडघ्यापर्यंत लाल.
आण्णा काही बोलले नाहीत.
आठ दिवसांत ट्रक विकला
आणि पाचशेच्या पाचशे बदलून दिले,
बैलगाडीतनं.

तेव्हापासनं पाईप वाजवून बघायचा नेम.
हातोडी माझी, कान तानूबाईचा.
टण्ण आला की ती मान हलवायची.
भद्द आला की म्हणायची,
"ह्यो आजारी हाय, ह्येला ठेवा बाजूला."
पुढं पुण्याहून टेस्टिंगचं मशीन आलं.
साहेब लोक काट्याकडं बघायचे,
आण्णा तिच्याकडं.

लोक विचारायचे, कारखान्यात काय बनवता?
मी म्हणायचो, पोकळी.
सिमेंट नुसतं तिच्याभोवती.
हसायचे. पण खरंच,
गिऱ्हाईक पैसे मोजतं ते आतल्या रिकाम्या जागेचे,
आम्ही फक्त ती गोल राहील एवढं बघायचं.

मग आण्णा गेले, शेड शिरोलीला गेली,
नदीची वाळू बंद होऊन क्रश सँड आली,
सम्मेदनं बॉयलर बसवला.
आता वाफ देऊन एका रात्रीत माल तयार,
हायवेच्या मोऱ्या, कंपाउंडच्या भिंती.
तक्रार नाही माझी. चांगला चालवतो पोरगा.
फक्त अठ्ठावीस दिवसांचं मी काय करू,
ते अजून अंगात आहेत.

एकोणीसच्या पुरात ऑफिसात छातीएवढं पाणी.
खतावण्या पावासारख्या फुगल्या,
हजेरीपत्रकं सुटी होऊन तरंगत
फाटकाबाहेर गेली.
तेव्हा इतिहास म्हणशील तर, सम्मेद,
कागदावर काहीच नाही.
जे आहे ते रस्त्यांच्या खाली, पाणी वाहत.

परवा शाहूपुरीत गटारासाठी खोदत होते.
जेसीबीच्या दाताला काहीतरी अडकलं.
पोरगा खाली उतरला, माती पुसली,
म्हणाला, कसलं अक्षर हे? कुठली भाषा?
मी चष्मा लावला.
आमचाच.
पहिल्या सालातला, हळदीच्या आधीचा,
कधी कुणी न वाजवलेला.
खिशात हातोडी कुठली असायला,
स्कूटरची किल्ली काढली
आणि वाकून मारली कडेला.

टण्ण.

मी सवयीनं बाजूला बघितलं.
जेसीबीवाला म्हणाला, आजोबा, सरका,
काम थांबलंय.